सेल डीडवरचं एकच नाव

आमचा घटस्फोट झाला तेव्हा सर्जापूर रोडवरचा फ्लॅट माझ्याकडे राहिला. न्यायालयानं तो मला दिला असं नाही. न्यायालयापुढे वाटून द्यायचं असं काही नव्हतंच. सेल डीडवर एकच नाव होतं आणि ते माझं होतं. घटस्फोटात न्यायाधीश नवरा-बायकोची सगळी मिळकत पुढ्यात घेऊन तिचे दोन भाग करतात, असं पुष्कळांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं, तिलाही. आपल्याकडे तसं होत नाही हे वकिलांकडून कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. त्यानंतर मी जे जे चुकीचं वागलो त्याची सुरुवात त्या क्षणी झाली. इब्लूरपासून दोम्मसंद्रापर्यंत आज कितीतरी मराठी जोडपी दोन पगारांवर एक घर घेत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी अमळनेरचा, ती सोलापूरची. दोघंही इंजिनियर, दोघंही नोकरीसाठी बंगळुरूत आलेले. 2012 साली कार्मेलारमच्या पुढे एका नव्या संकुलात आम्ही फ्लॅट बुक केला. तेव्हा तिथे कावेरीचं पाणी नव्हतं, रेल्वे फाटकाशी सकाळ-संध्याकाळ रांगा लागायच्या, आणि म्हणूनच ते घर आमच्या आवाक्यात होतं. अॅग्रीमेंट टू सेलवर सह्या करायच्या दिवसांत ती बाळंतपणासाठी सोलापूरला होती. बिल्डरच्या ऑफिसात मला विचारलं गेलं की दुसरं नाव घालायचं का. पॉवर ऑफ अॅटर्नी करावी लागेल, आठवडा जाईल, असं कळल्यावर मी म्हटलं, ‘नंतर घालू.’ 2015 मध्ये ताबा मिळाला आणि सेल डीड नोंदवायची वेळ आली. तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती. पण मूळ करारात नसलेलं नाव घालायला बिल्डर वेगळे पैसे मागत होता. मी तिच्याकडे पाहून म्हटलं, ‘आपल्या दोघांचंच तर आहे, नावानं काय होतंय?’ तिनं मान हलवली. तिचा विश्वास होता म्हणून ती काही बोलली नाही, आणि मी त्या विश्वासाच्या आधारे पैसे वाचवले.

कर्जाच्या कागदांवर मात्र तिची सही होती. माझ्या एकट्याच्या पगारावर हवी तेवढी रक्कम मंजूर होत नव्हती, म्हणून बँकेनं तिचा पगार धरला आणि तिला सहकर्जदार केलं. मालकांपैकी प्रत्येकानं कर्जात असावं असा बँकांचा आग्रह असतो, पण कर्जात असलेला प्रत्येकजण मालक असतोच असं नाही. म्हणजे वीस वर्षांच्या कर्जाची जबाबदारी दोघांवर आणि मालकी एकट्याची, असा तो व्यवहार होता. त्यात काही गैर आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. करवजावटीचा हिशेबही मी चुकवला. दोघं सहमालक आणि सहकर्जदार असते, तर व्याजावरची दोन-दोन लाखांपर्यंतची वजावट दोघांनाही मिळाली असती. मालक नसलेल्या सहकर्जदाराला ती मिळत नाही.

मग घरखर्चाची विभागणी झाली. ती आम्ही बसून ठरवली नव्हती, हळूहळू तशी पडत गेली. हप्ता माझ्या खात्यातून जायचा, कारण घर माझ्या नावावर. किराणा, मुलीची पाळणाघराची आणि नंतर शाळेची फी, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स, उन्हाळ्यात टँकरचा जादा आकार, माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, हे सगळं तिच्या खात्यातून. फर्निचरही तिनंच करून घेतलं, आणि सुतारांना पैसे रोख दिले. महिन्याच्या शेवटी दोघांचे खर्च जवळजवळ सारखे असत. पण माझ्या पैशातून मिळकत उभी राहत होती आणि तिचे पैसे त्या त्या महिन्यात संपून जात होते. तिनं घर चालवलं नसतं तर मला हप्ता भरता आला नसता. ही इतकी उघड गोष्ट मी नऊ वर्षांत एकदाही मोठ्यानं बोललो नाही.

2021 मध्ये आम्ही वेगळे झालो. कारणं इथे सांगत नाही. ती दोघांची होती आणि त्यांत तिचा खासगीपणा गुंतलेला आहे. ती मुलीला घेऊन भाड्याच्या घरात गेली. तिची मागणी साधी होती: फ्लॅट विकू, कर्ज फेडू, उरेल ते निम्मं-निम्मं करू. तोवर सर्जापूर रोडचे भाव आम्ही घेतलं त्याच्या दुपटीपुढे गेले होते. मी वकिलांना विचारलं आणि कायदा समजून घेतला. तो असा आहे.

हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे. त्यात वैवाहिक मिळकत अशी काही कल्पनाच नाही. लग्न झालं तरी ज्याच्या नावावर जे, ते त्याचं. मिळकतीविषयी त्यात एकच कलम आहे, 27 वं. ते लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या असू शकतील अशा वस्तूंपुरतं आहे. लग्नानंतर काही वर्षांनी घेतलेला फ्लॅट त्यात बसत नाही. कलम 25 खाली न्यायालय कायमस्वरूपी पोटगी ठरवू शकतं आणि ती ठरवताना दोघांची मिळकत पाहतं, पण पोटगी ही गरजेच्या आणि ऐपतीच्या मापानं मिळते, मालकीच्या मापानं नाही. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली नवरा-बायकोतला मिळकतीचा दावा त्या न्यायालयात चालतो, पण तिथे कुणी किती पैसे घातले हे पुराव्यानं दाखवावं लागतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बायकोला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी.

हे सगळं ऐकून मी तिला निरोप पाठवला: ‘तू घरासाठी पैसे दिल्याचा पुरावा दाखव.’ माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लाजिरवाणं वाक्य आहे. तिच्याकडे पुरावा नाही हे मला माहीत होतं. सुतारांना रोख देताना मीच म्हटलं होतं की बिल घेतलं तर कर लागेल. किराण्याच्या आणि फीच्या पावत्या तिच्याकडे ढिगानं होत्या, पण फ्लॅटच्या किमतीत त्या मोजल्या जात नव्हत्या. कायदा माझ्या बाजूचा होता हे खरं आहे. पण तो मला तसं वागायला सांगत नव्हता. वागलो मी.

एक पुरावा मात्र होता, आणि तो मी विसरलो होतो. डाउन पेमेंटला पैसे कमी पडत होते तेव्हा तिनं माहेरहून आलेल्या पाटल्या, तोडे आणि मोहनमाळ सोलापूरच्या सराफाकडे मोडली होती. सराफाची पावती तिच्या आईनं जपून ठेवली होती, आणि ते पैसे बिल्डरच्या खात्यात गेल्याची नोंद तिच्या बँकेत होती. बाईचं स्त्रीधन तिचं एकटीचं असतं, नवरा फार तर त्याचा विश्वस्त असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यातच सांगितलेलं आहे. मी आधी म्हणालो की तिनं ते स्वखुशीनं दिलं. मग मध्यस्थीत मी सोन्याची रक्कम परत द्यायला तयार झालो, पण 2012 च्या भावानं. तेव्हा तोळा तीस हजारांच्या आसपास होता. म्हणजे त्याच सोन्यातून उभ्या राहिलेल्या घराची किंमत मी आजची धरत होतो आणि सोन्याची जुनी. मध्यस्थ बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर खाली घातली, पण आकडा बदलला नाही.

यापुढची चूक मी जाणूनबुजून केली. मुलीच्या खर्चासाठी तिनं अर्ज केला, तेव्हा दोघांना उत्पन्न आणि मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2020 मध्ये त्याचा नमुनाच घालून दिला आहे. पगार, खाती, शेअर, विमा, कर्ज, सगळं त्यात लिहायचं असतं. मला कंपनीकडून शेअर मिळालेले होते. काही माझ्या नावावर जमा झाले होते, पण मी ते विकले नव्हते. विकले नाहीत म्हणजे उत्पन्न नाही, अशी स्वतःची समजूत घालून मी तो रकाना रिकामा सोडला. वकिलांनाही सांगितलं नाही. तिच्या वकिलांनी माझा फॉर्म 16 आणि त्याच्यासोबतचा 12 बीए मागितला. असे शेअर नावावर जमा होतात त्याच वर्षी त्यांची किंमत पगारात धरून कर कापला जातो, आणि ती रक्कम त्या कागदावर छापलेली असते. मला सुधारित प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. खोट्या शपथेसाठी फौजदारी कारवाई होऊ शकते. ती तिनं मागितली नाही, हा तिचा चांगुलपणा. पण तोवर मुलीच्या सुट्ट्या, शाळा, आजी-आजोबांकडे जाणं यांवर आम्ही फोनवर सरळ बोलत होतो, ते त्या दिवसापासून थांबलं. पुढचं प्रत्येक बोलणं लेखी झालं.

बंगळुरूचं कौटुंबिक न्यायालय सिद्दय्या रोडवरच्या न्याय देगुलात आहे, आणि मध्यस्थी केंद्रही त्याच इमारतीत. कलम 13 ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करायचा असेल तर पैशाचं, मुलांचं सगळं आधी ठरावं लागतं. मध्यस्थीची खोली लहान असते, तिथे बोललेलं बाहेर जात नाही आणि कुणी निकाल देत नाही. दोघांनी मोकळेपणानं बोलावं म्हणूनच ती रचना आहे. मला तिथे अक्षरशः काहीही देता आलं असतं. निम्मं घर देऊ केलं असतं तर कुठल्याही कलमानं मला अडवलं नसतं. पण प्रत्येक वेळी मी मनात एकच प्रश्न विचारत होतो: न्यायालयात गेलं तर तिला किती मिळेल? जेवढं मिळेल असं वाटलं त्याहून थोडं जास्त देऊन मी स्वतःला उदार समजलो. शेवटी तिनं एकरकमी आकडा मान्य केला. कर्ज वजा करून घराची जी किंमत उरत होती, त्याच्या पाचव्या हिश्शाहून तो कमी होता. ती थकली होती म्हणून तिनं सही केली. मी ते तिचं समाधान समजलो.

2023 मध्ये हुकूमनामा झाला. मला वाटलं, संपलं. पण तडजोडीच्या मसुद्यात एक ओळ राहून गेली होती, आणि त्याचा सगळा त्रास तिला झाला. ‘कर्ज पती फेडेल’ असं लिहिलं होतं. अमुक तारखेपर्यंत पत्नीचं नाव कर्जातून काढून घेईल, असं लिहिलं नव्हतं. घटस्फोटाचा करार नवरा-बायकोतला असतो, बँक त्यात कुठेच नसते. बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार राहतात. तिनं पुण्यात बदली घेतली, हिंजवडीजवळ स्वतःसाठी छोटं घर बघितलं आणि गृहकर्जाचा अर्ज केला. तिच्या क्रेडिट रिपोर्टात माझ्या फ्लॅटचं कर्ज उभं होतं. ज्या घरात तिचा एक चौरस फूट नव्हता, त्या घराचा हप्ता तिच्या पगारातून वजा धरून तिची पात्रता काढली गेली, आणि अर्ज नाकारला गेला. तिनं मला मेल पाठवला. मला नव्यानं एकट्याच्या पगारावर कर्ज मंजूर करून घ्यावं लागणार होतं, प्रोसेसिंग फी भरावी लागणार होती, व्याजही थोडं वाढणार होतं. मी ‘बघतो’ म्हणालो आणि कित्येक महिने काही केलं नाही. तिनं पसंत केलेलं घर तोवर विकलं गेलं.

तिचा दुसरा मेल आला तेव्हा माझी मुलगी माझ्याकडे सुट्टीला आली होती. तिनं विचारलं, ‘बाबा, आईला घर का नाही मिळत?’ मी उत्तर देऊ शकलो नाही. त्याच आठवड्यात मी कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा अर्ज केला आणि तिचं नाव सुटलं.

2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा माया गोपीनाथन खटल्याचा निकाल आला. केरळातल्या एका बाईंचं लग्नातलं सोनं सासरी गेलं होतं. अडचणीत नवऱ्यानं स्त्रीधन वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करणं त्याचं कर्तव्य आहे, असं सांगून न्यायालयानं त्यांना 25 लाख रुपये देवविले, आणि ती रक्कम ठरवताना इतक्या वर्षांत वाढलेल्या खर्चाचाही विचार केला. तो निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला. सोन्याचा भाव तोवर तोळ्याला सत्तर हजारांपुढे गेला होता. सोलापूरच्या पावतीवरचं वजन धरून, त्या दिवसाच्या भावानं उरलेली रक्कम मी तिला पाठवली, आणि ही भेट नाही, तुझ्या स्त्रीधनाची परतफेड आहे, असं लेखी दिलं. तिनं ‘मिळाले’ एवढंच कळवलं. त्याहून जास्त काही ऐकण्याचा मला हक्क नव्हता.

घरातला हिस्सा द्यावा असंही तेव्हा मनात आलं, आणि आणखी एक गोष्ट कळली. लग्न टिकून असताना नवऱ्यानं बायकोला घरातला हिस्सा बक्षीसपत्रानं दिला, तर कर्नाटकात मुद्रांक शुल्क ठरावीक आणि माफक असतं, आणि आयकर कायद्यात जोडीदाराकडून आलेल्या भेटीवर घेणाऱ्याला कर नाही. घटस्फोटानंतर दोन्ही सवलती जातात. शुल्क बाजारभावावर टक्क्यांनी बसतं, आणि वेगळी भेट म्हणून दिलं तर तिलाच त्यावर कर भरावा लागू शकतो. जे द्यायचं ते तडजोडीत आणि हुकूमनाम्यात लिहून घ्यायला हवं होतं. जे काम 2015 ते 2021 या काळात एका सकाळी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत झालं असतं, ते आता तिच्या माथी कर मारल्याशिवाय होत नव्हतं.

हा प्रश्न सुटण्यासारखा नाही असं कुणी म्हणू नये. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की वेगळा कायदा आहे. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथे दोघांची मिळकत सामायिक धरली जाते आणि निम्मा-निम्मा वाटा दोघांचा. घर एकाच्या नावावर असलं तरी दुसऱ्याच्या संमतीशिवाय ते विकता येत नाही. घटस्फोटानंतर मिळकतीची यादी करून वाटणी होते. बाकीच्या देशात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत हिस्सा देणारी तरतूद विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात होती. ऑगस्ट 2013 मध्ये ते राज्यसभेत मंजूरही झालं, पण लोकसभेची मुदत संपली आणि ते रद्द झालं. मद्रास उच्च न्यायालयानं 2023 मध्ये कन्नैयन नायडू खटल्यात सांगितलं की बायकोनं घर सांभाळलं म्हणून नवरा कमावू शकला, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत तिचा बरोबरीचा वाटा आहे. तो विचार देशभराचा कायदा व्हावा असं मला मनापासून वाटतं. माझ्यासारख्याच्या चांगुलपणावर कुणाचं घर अवलंबून असू नये.

आणि मला कुणी शिकवलं नव्हतं असंही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 मध्ये चांदवडला महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. कुठल्या न्यायालयाचा हुकूम नव्हता, घटस्फोटाची वेळ आलेली नव्हती. ती बाई शेतात राबली, म्हणून सातबाऱ्यावर तिचं नाव, एवढं साधं कारण. लहानपणी आमच्या घरी त्याची चर्चा चालायची. मोठा होऊन, शिकून, लाखोंचा पगार घेऊन मी माझ्या बायकोसाठी तेवढं केलं नाही.

आता ऑफिसात कुणी तरुण मुलगा घर घेतो आहे असं कळलं की मी त्याला बाजूला घेऊन बोलतो. अॅग्रीमेंटवर पहिल्या दिवसापासून दोघांची नावं घाला. पॉवर ऑफ अॅटर्नीसाठी आठवडा गेला तर जाऊ द्या. कर्जात दोघं असतील तर मालकीतही दोघं असू द्या, आणि हिस्सा किती टक्के ते दस्तात लिहा. हप्ता दोघांच्या सामायिक खात्यातून जाऊ द्या आणि किराणाही त्याच खात्यातून. दागिने मोडले तर पावती ठेवा आणि वजन लिहून ठेवा. वेगळं व्हायची वेळ आलीच तर प्रतिज्ञापत्रात काही लपवू नका. मिळकत द्यायची असेल तर हुकूमनामा होण्याआधी नोंदणी करा. बायकोचं नाव कर्जातून कधी सुटणार त्याची तारीख तडजोडीत घाला.

ज्यांची घरं आधीच एकाच्या नावावर आहेत, त्यांना एकच विनंती. आज तुमचं पटतं आहे, कायदा तुम्हाला कमी शुल्कात वाटा देऊ देतो आहे, आणि या कामासाठी न्यायालयाकडे जाण्याची गरज नाही. कपाटातला दस्त काढा, त्यावर कुणाचं नाव आहे ते दोघांनी मिळून वाचा, आणि सब-रजिस्ट्रारकडची वेळ घ्या.